घरपोच किराणा आणि आपला इंद्रायणी



भाताच्या रोपवाटिकेपासून भरडाईपर्यंतची सर्व कामे आपल्या हातून होतात. परंतु आपण विकलेला तांदूळ शेवटी ज्या स्वयंपाकघरात जातो, तेथे त्याचे काय होते, तो शिजल्यावर घरातील माणसे काय बोलतात, हे आपल्या कानावर सहसा येत नाही. अलीकडे हे स्वयंपाकघर दुकानाची पायरी न चढता मोबाइलवरून किराणा मागवू लागले आहे. हा बदल शहरापुरताच आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. मलाही काही वर्षांपूर्वी तसेच वाटत होते.

माझे सासर लोणावळ्यात आहे आणि माहेर नाणे मावळात. एका घरी मोबाइलवरून तांदूळ मागविणारी मी आणि दुसऱ्या घरी तोच तांदूळ पिकविणारा माझा धाकटा भाऊ. महाविद्यालयात मी कृषिविद्या हा विषय शिकविते, तरीही दोन्ही घरांच्या मध्ये काय घडते ते मला पुस्तकातून कळले नाही. ते दारात आलेल्या पिशवीतून कळले. तो अनुभव आपल्यापुढे ठेवीत आहे.

यादी, वही आणि मोबाइल

माल घरपोच मिळणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. दुधाचा रतीब पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. माझ्या सासूबाई महिन्याच्या सुरुवातीला वाणसामानाची यादी गल्लीतल्या दुकानात पाठवीत, संध्याकाळी दुकानातील पोऱ्या सायकलवरून पोती-पुडे आणून टाकी आणि रक्कम वहीत मांडली जाई. तूरडाळ किडकी निघाली तर दुसऱ्या दिवशी बदलून मिळे, कारण दुकानदाराला त्याच गल्लीत राहावयाचे असे. आणि घरपोच कामाची सर्वांत मोठी शाळा तर आपल्याच भागाने काढली. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचविण्याचे काम संघटित केले. मुंबईचे डबेवाले बहुतांशी मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले या तालुक्यांतील आहेत. डब्यावरील खुणांच्या आधारे, लोकल गाड्यांच्या वेळा सांभाळून, हजारो डबे त्या त्या माणसाच्या हाती देण्याची त्यांची पद्धत पाहावयास परदेशातील लोक येऊन गेले.

यंत्राच्या मदतीने किराणा मागविण्याचा प्रारंभ मात्र इंग्लंडमधील मानला जातो. १९८४ साली मे महिन्यात गेट्सहेड या गावातील जेन स्नोबॉल या ७२ वर्षांच्या आजींनी घरच्या दूरदर्शन संचावर यादी पाहून मार्गारीन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी मागविली. ती योजना वृद्ध व चालू न शकणाऱ्या लोकांसाठी होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अमेरिकेत वेबव्हॅन नावाची कंपनी मोठमोठी गोदामे बांधून या धंद्यात उतरली आणि २००१ साली बुडाली. आपल्या देशात १९९९ साली बंगळूरला फॅबमार्ट सुरू झाले. त्याच मंडळींनी पुढे २०११ साली बिगबास्केट काढले. त्यानंतर २०१३ साली ग्रोफर्स आले, त्याचेच नाव पुढे ब्लिंकिट झाले. २०२१ पासून झेप्टोसारख्या कंपन्या शहरांत काही मिनिटांत माल आणून देऊ लागल्या.

आमच्या घरी हे सर्व २०२० च्या टाळेबंदीत आले. त्यापूर्वी त्याची गरज भासली नव्हती. सासूबाईंचे गुडघे दुखतात, यजमानांची कारखान्यात पाळी असते आणि मी सकाळच्या लोकलने पुण्याला जाते. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्यात शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी रस्ते भरून जातात, तेव्हा गावातल्या माणसाला बाजारापर्यंत जाऊन येणे म्हणजे अर्धा दिवस. टाळेबंदी उठली तरी आमची सवय राहिली, ती या कारणांमुळे.

ऑर्डर दिल्यावर मालाचे काय होते

ही पद्धत समजून घेणे पिकविणाऱ्याला उपयोगाचे आहे. आपण मोबाइलवर जे पाहतो ती मालाची यादी असते: फोटो, वजन, भाव आणि खाली आधी घेतलेल्या लोकांनी दिलेले तारे व मते. ऑर्डर गेली की ती जवळच्या गोदामात उमटते. तेथे मांडण्यांना क्रमांक असतात. माल वेचणारा मुलगा यादीप्रमाणे वस्तू गोळा करतो, पट्टीवरील रेघांचे चिन्ह यंत्रासमोर धरतो आणि पिशवी बांधतो. दुसऱ्या दिवशी माल देणाऱ्या कंपन्यांचे गोदाम मोठे व गावाबाहेर असते, त्यांची गाडी एका फेरीत अनेक घरे घेते. काही मिनिटांत देणाऱ्यांची लहान कोठारे वस्तीतच असतात आणि तेथून दोन-तीन किलोमीटरच्या आत दुचाकीवरून माल जातो. पैसे बहुधा मोबाइलवरूनच दिले जातात. २०१६ साली यूपीआय आले, त्यामुळे हे सोपे झाले.

या साखळीत मालाला हात लावून, वास घेऊन पाहणारे कोणी नसते. वेचणाऱ्या मुलाला एका वस्तूसाठी काही सेकंदच मिळतात. म्हणून कंपनी माल घेतानाच प्रतवारी कडक लावते. काही कंपन्या उत्पादक भागात संकलन केंद्रे ठेवून शेतकऱ्यांकडून थेट भाजीपाला घेतात, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. महाराष्ट्रात जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, त्यामुळे असे व्यवहार करणे सुलभ झाले. मात्र केंद्रावर ठरावीक आकाराचा, डाग नसलेला मालच घेतात आणि उरलेला आपल्याकडेच राहतो. चांगला माल निवडून दिल्यावर राहिलेला ढीग बाजार समितीत काय भावाने जातो, तेही हिशेबात धरावे. केंद्राचा किलोचा भाव तेवढा पाहून खूश होऊ नये.

आमच्या घरचा अनुभव

डाळी, साखर, तेल, साबण यांबाबत आम्हांला फारशी तक्रार करावी लागली नाही. बंद पिशवीतील माल कोठूनही घेतला तरी तोच असतो. सासूबाईंना सुरुवातीला एकाच गोष्टीचा राग येई. एक वस्तू शिल्लक नसली की न विचारता दुसरीच येई. भाकरीसाठी ज्वारीचे पीठ मागविले तर एकदा मिश्र धान्यांचे पीठ आले. त्या म्हणाल्या, "अगं, याची भाकरी थापायची कशी? दुकानदाराला कळलं असतं, नाही तर नाही म्हणाला असता." आता आम्ही बदली वस्तू नको अशी खूण आधीच करून ठेवतो.

पत्त्याचा प्रश्न शहरातील लोकांना समजणार नाही. आमच्याकडे घरांना क्रमांक असले तरी लोक ते वापरीत नाहीत. अमक्या बंगल्यामागची चाळ, तमक्या पिठाच्या गिरणीसमोर, असा आमचा पत्ता. पावसात व धुक्यात नवीन मुलगा तासभर फिरतो. एकदा आमचा माल शेजारच्या बंद बंगल्याच्या पायरीवर ठेवून तो गेला आणि साखरेचे पाणी झाले. पैसे परत मिळाले, पण त्या दिवशी पाहुण्यांना चहा गुळाचा दिला.

भाजीपाल्याचे मात्र अजून जमलेले नाही. टोमॅटो, बटाटे, कांदे ठीक येतात. कोथिंबीर, मेथी, पालक पावसाळ्यात पिशवीतून काढली की निम्मी काळी पडलेली असते. याचे कारण आपण ओळखले असेल. पाला ओला असताना काढला, उन्हात ठेवला, शेतातली उष्णता निघण्याआधीच हवाबंद पिशवीत घातला, की तो श्वसनाच्या उष्णतेने आतल्या आत उकडतो. पालेभाजी पहाटे काढून सावलीत पसरली, वरचे पाणी निथळू दिले आणि भोके असलेल्या पिशवीत किंवा क्रेटमध्ये भरली, तर तीच जुडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकते. हे करणारा शेतकरी कोणत्याही कंपनीला हवाच असतो. सध्या आम्ही पालेभाजी बाजारात बसणाऱ्या मावशींकडूनच घेतो. त्यांची जुडी पाहून घेता येते आणि दोन मिरच्या वर मिळतात.

खर्चाविषयी एक सांगते. ठरावीक रकमेच्या वर खरेदी केली तर पोचविण्याचा आकार लागत नाही, म्हणून गरज नसलेली बिस्किटे यादीत शिरतात. वहीवर चालणाऱ्या काळापेक्षा आमचे महिन्याचे बिल कमी झाले असे मी म्हणू शकत नाही. मुदतीची तारीख पाहण्याची सवय मात्र लागली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा कंपन्यांना कळविले आहे, की ग्राहकाच्या हाती पडताना वस्तूच्या टिकण्याच्या काळाचा किमान ३० टक्के भाग किंवा मुदत संपण्यास किमान ४५ दिवस शिल्लक असावेत. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक आहे. शेतकरीही ग्राहक आहेच, तेव्हा तो लिहून ठेवावा.

इंद्रायणीची पिशवी

आता मुख्य विषयाकडे येते. २०२२ च्या पावसाळ्यात माहेरचा तांदूळ संपला आणि रस्ता पावसाने खराब असल्यामुळे भावाला येता येईना. मी मोबाइलवरून 'इंद्रायणी' असे ठळक छापलेली पाच किलोची पिशवी मागविली. कोणत्या कंपनीची ते येथे सांगत नाही. भात शिजताना सासूबाई आतल्या खोलीत होत्या. त्यांनी तेथूनच विचारले, "आज कुठला तांदूळ लावलास? हा इंद्रायणी नव्हे. वासच नाही याला." ताटात वाढल्यावर भात मोकळा, सुटासुटा पडला.

आमच्या भागातील शेतकऱ्यांना इंद्रायणीचा इतिहास सांगावयास नको, तरी नव्या पिढीसाठी सांगते. आंबेमोहोर १५७ आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून ही जात महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या वडगाव मावळ येथील कृषि संशोधन केंद्रात तयार करण्यात आली व १९८७ साली प्रसारित झाली. आंबेमोहोराचा वास आणि आय.आर. ८ चे उत्पादन एकत्र आणण्याचा तो प्रयत्न होता. दाणा लांबट व बारीक, वास सौम्य आणि शिजल्यावर भात मऊ, किंचित चिकट. ही या जातीची ओळख. लोणावळ्याला फिरावयास आलेला माणूस चिक्कीबरोबर इंद्रायणीची पिशवी घेऊन जातो, इतके हे नाव झाले आहे. नाव झाले की त्या नावाखाली दुसरा माल येतो.

मी त्या पिशवीतील शंभर दाणे काळ्या कागदावर मांडले आणि भावाने पूर्वी दिलेल्या तांदळातील दाणे शेजारी ठेवले. लांबी-जाडी निराळी होती, शिवाय पिशवीत दोन तऱ्हेचे दाणे मिसळलेले दिसले. डोळ्यांनी पाहून जातीचा दाखला देता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. परंतु दाण्याचा आकार, शिजल्यावरचा वास आणि चिकटपणा हे तिन्ही जुळले नाहीत, तर शंका घेण्यास जागा आहे. तक्रार केली, पैसे परत आले. ती पिशवी मात्र यादीत तशीच राहिली.

फोनवर हे भावाला सांगितले. तो म्हणाला, "ताई, तू पैसे परत घेतलेस. आमचं नाव कोण परत देणार?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्यानंतर मी उत्सुकतेने त्या यादीतील इतर इंद्रायणी तांदळाखालची मते वाचली. तेथे आणखी एक गोष्ट दिसली. जो तांदूळ खरा इंद्रायणी असावा असे वर्णनावरून वाटत होते, त्याला कमी तारे होते. 'भात गोळा होतो', 'चिकट आहे, नकली दिसतो', 'बिर्याणी बिघडली' अशा तक्रारी. मुंबईतल्या किंवा परप्रांतातल्या ज्या घराला बासमतीची सवय आहे, तेथे इंद्रायणीचा गुण हाच दोष ठरतो. शिवाय नव्या तांदळात हे जास्त जाणवते. कापणीनंतर भात जसजसा जुना होतो, तसतसा दाणा कडक होतो, शिजताना जास्त पाणी घेतो आणि भात मोकळा होतो. वासही काही अंशी कमी होतो. दिवाळीनंतर लगेच भरडलेल्या तांदळाला एका वाटीस पावणेदोन वाट्या पाणी पुरते, तर सहा महिने कणगीत राहिलेल्या भाताच्या तांदळाला सव्वादोनपर्यंत लागते. आपल्या घरातील बाई हे हाताने ओळखते. मोबाइलवरून मागविणाऱ्या बाईला ते कोणी सांगितलेले नसते. पिशवीवर 'नवा तांदूळ, वाटीला पावणेदोन वाट्या पाणी, भात मऊ होतो, खिचडी, वरणभात व पेजेस उत्तम' एवढे छापले तर निम्म्या तक्रारी येणार नाहीत असे मला वाटते.

भावाचा पहिला प्रयोग

भावाने ठरविले, की आपणच पिशव्या भराव्यात. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याने घरच्या भातापैकी काही पोती भरडून पाच-पाच किलोच्या पिशव्या केल्या. माझ्या सहकाऱ्यांनी व आमच्या शेजाऱ्यांनी मिळून चाळीसएक पिशव्या नोंदविल्या. पहिल्या वीस मेमध्ये गेल्या. तांदळाची वाहवा झाली. उरलेल्या पिशव्या तशाच घरात ठेवून त्याने जुलैमध्ये दिल्या. पंधरा दिवसांत फोन येऊ लागले. तांदळात किडे झाले होते, दोन घरी जाळी धरली होती. सर्वांचे पैसे परत केले. एक सहकारी बाई मात्र अजूनही मला पाहिले की हसून विचारतात, "काय, भाऊ कसे आहेत?"

चूक कोणाची, तर आमचीच, आणि त्यातही जास्त माझी. मी शिकविते तेच घरी सांगितले नव्हते. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते व ते भोक बुजविते. त्यामुळे पिशवी भरताना तांदूळ स्वच्छ दिसतो. उबदार, दमट हवेत साधारण महिन्याभरात आतून किडे बाहेर पडतात. तांदळाला टरफलाचे संरक्षण उरलेले नसते, म्हणून भातापेक्षा तांदूळ लवकर किडतो. त्यातच भावाने पिशव्या हाताने गाठ मारून बांधल्या होत्या. मावळच्या पावसाळ्यात हवेतील ओलावा नव्वद टक्क्यांच्या आसपास राहतो आणि सैल बांधलेला तांदूळ तो ओलावा ओढून घेतो.

तेव्हा ज्यांना असा प्रयोग करावयाचा आहे त्यांनी कापणीपासूनच लक्ष घालावे. लोंबीतील ८० ते ९० टक्के दाणे पक्व झाले की कापणी करावी, तेव्हा दाण्यात २० टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. भात कडक उन्हात एकदम वाळवू नये. दाण्याला चिरा पडतात, भरडताना कणी वाढते आणि सुवासिक जातीचा वासही उडतो. सकाळचे ऊन द्यावे, दुपारी सावलीत ओढावे. भरडाईला १४ टक्के ओलावा योग्य, साठवणुकीला १२ टक्के. दाताखाली दाणा कट्कन तुटला म्हणजे वाळला, हा अंदाज घरगुती वापराला पुरतो, विक्रीसाठी ओलावामापकावर एकदा तपासून घ्यावे. आणि मुख्य म्हणजे साठवण भाताची करावी, तांदळाची नव्हे. जेवढ्या पिशव्यांची मागणी आली तेवढेच भात भरडावे. पिशवी जाड प्लॅस्टिकची व यंत्राने तापवून बंद केलेली असावी. हवा काढून बंद केलेल्या पिशवीत किडा जगत नाही, पण ते यंत्र एकट्याने घेण्यासारखे नाही, गटाने घ्यावे.

घरोघरी तांदळाला बोरिक पावडर लावण्याची चाल आहे. विक्रीच्या तांदळाला ती कदापि लावू नये. ते अन्नात घालण्यास परवानगी असलेले द्रव्य नाही.

जातीची शुद्धता हाही येथे प्रश्न येतो. घरचे बी वर्षानुवर्षे वापरले, खळ्यावर व गिरणीत दुसऱ्या जातींची सरमिसळ झाली, की आपली पिशवीही त्या कंपनीच्या पिशवीसारखीच होते. दर तीन वर्षांनी प्रमाणित बियाणे आणावे, फुलोऱ्याच्या वेळी भेसळ झाडे उपटावीत आणि गिरणीत आपल्या भाताआधी कोणाचे कोणते भात भरडले, हे विचारून पहिले काही किलो वेगळे काढावे.

हिशेब

घरपोच विक्रीत दलाल नाही, म्हणजे सर्व नफा आपला, असे समजून अनेकजण उतरतात. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत, आपण आपले घालून पाहावेत. समजा, भात विकले असते तर क्विंटलला ३,००० रुपये मिळाले असते. एक क्विंटल भातापासून सुमारे ६५ किलो तांदूळ निघतो. त्यातील १० किलो कणी धरली तर पिशवीत भरण्यास ५५ किलो, म्हणजे पाच किलोच्या ११ पिशव्या. भरडाई व वाहतूक ३०० रुपये आणि पिशव्या १६५ रुपये धरल्या तर एकूण ३,४६५ रुपये. कणीचे २०० रुपये वजा केले की ३,२६५ रुपये. म्हणजे किलोला ५९ रुपयांच्या थोडे वर. आता एकेक पिशवी कुरिअरने पाठविली व तिला ६० रुपये लागले, तर किलोला आणखी १२ रुपये. तांदूळ ७१ रुपयांच्या वर गेला. ७० रुपयांनी विकला तर भात विकण्यापेक्षा तोटाच. ८० रुपयांनी विकला तर ११ पिशव्यांचे ४,४०० रुपये येऊन सर्व खर्च जाता ४७५ रुपये जास्त मिळतील. त्यातील एक पिशवी किडली व तिचे ४०० रुपये परत द्यावे लागले, तर राहिले ७५.

हेच ४० पिशव्या एकाच गृहसंस्थेत एका टेम्पोने, ६०० रुपये भाड्यात नेल्या तर पिशवीला १५ रुपये, म्हणजे किलोला ३ रुपये पडतात. फरक फक्त पोचविण्याचा आहे. मोठ्या कंपन्या ज्या प्रश्नाशी झगडत आहेत तो हाच, एका फेरीत किती घरे होतात. डबेवाल्यांचे गणित जमले याचे एक कारण तेच, की एका लोकलच्या डब्यात शेकडो डबे एकदम जातात. आमच्या लोणावळ्यात बंगले विखुरलेले आणि आठवडाभर बंद, त्यामुळे दारोदार फिरणे परवडत नाही. तळेगाव दाभाडे व पिंपरी-चिंचवड येथील मोठ्या गृहसंस्था त्यामानाने सोयीच्या. एका संस्थेत महिन्यातून एक ठरलेला दिवस ठेवावा आणि ऑर्डर आधी मोबाइलवर गोळा करावी. कंपनीच्या यादीत नाव घालण्याची घाई मला पटत नाही. कंपनीला वर्षभर एकसारखा माल लागतो, तिचा हिस्सा द्यावा लागतो आणि परत आलेला माल बहुधा आपल्याच माथी येतो. पन्नास-शंभर घरे कायमची जोडल्यावर, आणि तेही गटाने किंवा उत्पादक कंपनीमार्फत, तिकडे वळावे. उत्पादक कंपनी दहा शेतकऱ्यांना मिळूनही स्थापन करता येते.

पिशवीवरील मजकूर

गाठ मारलेली पिशवी ओळखीच्या घरी चालते. अनोळखी घरी जावयाचे तर पिशवीवर माल भरणाऱ्याचे नाव व पत्ता, मालाचे नाव, निव्वळ वजन, भरल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, आणि तक्रारीसाठी फोन क्रमांक हवा. हे २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या वजनमाप नियमांनुसार आवश्यक आहे. मोबाइलवरील यादीतही ही माहिती दाखविण्याचे बंधन २०१८ पासून आहे. शेतकऱ्याच्या शेतातील पिकाला अन्नसुरक्षा कायदा लागू होत नसला, तरी भरडून, पिशवीत भरून स्वतःच्या नावाने विकताना अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्यावी. ती संगणकावरून करता येते आणि तो क्रमांक नसेल तर कंपन्या माल यादीत घेत नाहीत. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील पिशवीतील तांदळावर ५ टक्के वस्तू व सेवा कर आला आहे. आपल्या गटाला तो कसा लागू होतो हे छपाई करण्यापूर्वीच कर सल्लागारास विचारावे, पिशव्या छापून झाल्यावर नव्हे.

वजन नेहमी थोडे जास्तच भरावे. पाच किलोच्या पिशवीत वीस ग्रॅम कमी भरले, तर वाचतात दीड-दोन रुपये, आणि हल्ली बहुतेक स्वयंपाकघरांत छोटा काटा असतो.

भावाने मागील हंगामात भात कणगीतच ठेवले आणि महिन्याला मागणीपुरते भरडले. पिशवीवर गावाचे नाव, भात कापल्याचा महिना आणि तांदूळ भरडल्याचा महिना हे तिन्ही लिहिले. पाण्याचे प्रमाण सासूबाईंनी सांगितले तेच छापले आहे. ऑगस्टमध्ये दिलेल्या पिशव्यांपैकी एकही परत आली नाही. आमच्या घरचे तेल, डाळ, साबण अजून मोबाइलवरूनच येते. त्या यादीत 'इंद्रायणी' असे शोधले की ती जुनी पिशवी आजही सर्वांत वर दिसते, भावाच्या तांदळापेक्षा स्वस्त.